हाताचा गुण नको म्हणणाऱ्या फ्लाविया मॅडम

बस्त्यावमामांचा फोन आला तेव्हा मी धामापूरच्या स्टॉपवर उभी होते, मालवणची एसटी वळणावर दिसत होती आणि माझा एक हात बस थांबवायला वर गेलेला होता. बस्त्यावमामा म्हणजे फ्लाविया मॅडमचे धाकटे भाऊ. फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, "जेवलंस?", मग सकाळ असो की संध्याकाळ. त्या दिवशी ते आलंच नाही. म्हणाले, "सायली, फ्लाविया गेली गो. पहाटे. झोपेतच." आणि मी काय बोलले माहितीये? मी म्हणाले, "मामा, पण कॉलम अजून बाथमध्ये आहे." म्हणजे माणूस गेल्याचं सांगतायत आणि मी गरम पाण्यातल्या एका नळीबद्दल बोलतेय. मामा म्हणाले, "मगे ऱ्हवांदे थंयच. हात लावू नको तेका. तिना पण ह्याच सांगितला असता." तोपर्यंत बस माझ्यासमोर येऊन थांबली होती आणि कंडक्टर विचारत होता, चढतंस काय जातंव...

त्याला आता काही आठवडे झाले. लिहू लिहू म्हणत होते, पण लिहायच्या आधी एक गोष्ट व्हायला हवी होती, ती परवा झाली, म्हणून आज लिहायला बसलेय आणि बोटं थांबत नाहीयेत, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आधी कॉलम म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. पेनाएवढी एक स्टीलची नळी समजा. तिच्यातून पंपाने खूप दाबाने द्रव सोडायचा आणि त्या द्रवात आपलं मिश्रण. नळीच्या आत जे भरलेलं असतं त्याला मिश्रणातला एखादा पदार्थ जास्त चिकटतो, एखादा कमी, त्यामुळे दुसऱ्या टोकाला सगळे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. एक बाहेर पडला की कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक टेकडी उमटते. ह्याला एचपीएलसी म्हणतात, औषधांच्या कंपन्यांत दिवसभर हेच चाललेलं असतं. बाजारातल्या नळीत अगदी बारीक मणी ठासून भरलेले असतात. पण प्रोटीनसारखे रेणू म्हणजे अवजड प्रकरण, ते त्या मण्यांच्या भोकांत शिरायला वेळ लावतात, निघायला त्याहून जास्त, आणि टेकड्या पसरट होतात. फ्लाविया मॅडम मणी भरायच्याच नाहीत. त्या नळीत एक पातळ मिश्रण ओतायच्या, दोन्ही टोकं बंद करायच्या आणि नळी गरम पाण्यात उभी ठेवायच्या. दुसऱ्या दिवसापर्यंत आत पॉलिमरचा एक अख्खा पांढरा दांडा तयार, सगळा आरपार भोकाभोकांचा. मोनोलिथ म्हणतात त्याला. द्रव त्या भोकांतून सरळ वाहत जातो आणि मोठमोठे रेणूही त्याच्याबरोबर झटपट निघून येतात.

मला हे पहिल्यांदा कळलं ते एका घावनामुळे. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि कॉलेजमध्ये कोणीतरी मोठ्या बाई येणार, आयुष्यभर पुण्यात एका प्रयोगशाळेत होत्या, रिटायर होऊन गावी आल्यात, असं ऐकलं होतं. आम्ही मागच्या बाकांवर झोपायच्या तयारीने बसलो होतो. एक बारीकशा बाई आल्या, पिशवीतून डबा काढला, डब्यातून घावन काढलं आणि दोन बोटांत धरून खिडकीसमोर उभं केलं. उन्हात त्याची जाळी चमकली. म्हणाल्या, "भोकं कोणी पाडली ही? आईने एकेक टोचून पाडली? नाही ना? पीठ तेच, तवा तोच, तापलेला बरोबर असला की ती आपसूक पडतात. मी तेच करते, फक्त स्टीलच्या नळीत करते." मग पुढचा तासभर त्या घावन हातात घेऊनच शिकवत होत्या, आणि शेवटी प्रश्न विचारायला कोणी उभं राहीना तेव्हा त्यांनी ते खाऊन टाकलं. मी तिथेच ठरवलं, ह्यांच्याकडे काम करायचं.

कॉलेजच्या मागच्या अंगाची एक खोली त्यांना मिळाली होती, पूर्वी तिथे प्राणिशास्त्राच्या बरण्या असायच्या. गोव्याच्या एका कंपनीने काढून टाकलेलं एचपीएलसी मशीन त्यांनी टेम्पोतून आणलं होतं. बस्त्यावमामा सुतारकाम करायचे, त्यांनी फणसाच्या लाकडाचं टेबल करून दिलं आणि वर बजावलं की ह्याच्यावर ॲसिड सांडलंत तर मी बोलणार नाही. त्या मिश्रणातल्या एका अल्कोहोलला कापरासारखा वास येतो. पहिल्यांदा आलेला प्रत्येक माणूस दारातच चप्पल काढायचा, त्याला वाटायचं इथे आरती झालीय. मॅडम म्हणायच्या, पुण्यात थंडीच्या दिवसांत हेच अल्कोहोल बाटलीत गोठून बसायचं, तासभर कोमट पाण्यात ठेवा तेव्हा सुटणार, मालवणात एकदा पण गोठलं नाही, म्हणजे हे काम मूळचं इकडचंच होतं, मी उगाच इतकी वर्षं घाटावर राहिले.

आणि काम कसलं, तर कोळंबीचं. मालवणात जन्मलेल्या ह्या बाईला कोळंबी चालत नव्हती. लहानपणी कुठल्याशा लग्नात सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचंच, सार जेवल्या आणि चेहरा असा सुजला की डोळे मिटले, श्वास लागला. आईने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, नवरीच्या बहिणीची दृष्ट लागली म्हणून ती बिचारी वर्षभर ह्यांच्या अंगणात आली नाही. कोळंबीत एक प्रोटीन असतं, त्याने काही लोकांना असं होतं. "दृष्टीचो गुन्हेगार माका नळीतसून भायर काढूचो आसा," असं त्या म्हणायच्या. ते प्रोटीन स्वच्छ वेगळं काढता आलं तर इथल्या माणसांची साधी रक्ताची चाचणी इथल्याच सुंगटांवर करता येईल, म्हणजे किनाऱ्यावरच्या पोरांना सार भुरकून कळायच्या आधी कळेल. त्यासाठी चांगले कॉलम हवेत, आणि आपले आपण ओतता येणारे हवेत. हे त्यांचं स्वप्न होतं. साधंच म्हणा, पण त्याच्यात एक मोठी गोम होती.

गोम अशी की कॉलम फक्त त्यांचाच जमायचा.

माझा जमायचा नाही. अगदी तेच वजन, त्याच बाटल्या, तेच पाणी, तीच लिहिलेली पद्धत, आणि माझा दांडा एकतर एवढा घट्ट की पंप बीप बीप करून बंद पडायचा, नाहीतर एवढा मऊ की दाब दिला की नळीतून साबणाच्या वडीसारखा सुळकन बाहेर. माझ्या आधी दोघांनी प्रयत्न करून सोडून दिलेलं. फसलेले दांडे मॅडम टाकून द्यायच्या नाहीत, खिडकीच्या कठड्यावर ओळीने मांडून ठेवायच्या. एकदा गणिताचे एक सर आले, बोलता बोलता त्यातला एक उचलून वर्गावर घेऊन गेले. परत आले ते वैतागून, "मॅडम, तुमचे खडू उठत नाहीत." मॅडम हसून हसून टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "बघ, तुझो कॉलम निदान वर्गात तरी पोचलो."

कोणीही पाहुणा आला, माझे फसलेले दांडे आणि त्यांच्या कॉलमच्या उभ्या सुबक टेकड्या बघितल्या की एकच बोलायचा, मॅडम, तुमच्या हाताचा गुण आहे हा. मी पण एकदा बोलले. तशा त्या कधी चिडायच्या नाहीत, त्या दिवशी चिडल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हाताचो गुण म्हंजे काय सांगू? काहीतरी घडता हा आणि काय घडता ता आपणाक कळूक नाय, त्याचा नाव हाताचो गुण. माझो हात माझ्यावांगडा पेटीत जातलो. मगे काय करतलास तुम्ही? माझी हाडां वाटून घेतलास?" त्यांच्या किडन्या तेव्हा जवळजवळ निकामी झालेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू व्हायचं होतं. त्या दिवसापासून मला ठाऊक होतं त्यांना काय हवंय ते. त्यांना एक कॉलम बघायचा होता जो त्यांनी ओतलेला नाही. आणि तेवढंच नाही. म्हणाल्या, "तू ओतलंस आणि जमलो तर मी अर्धी खूष. तू माझ्या वांगडा दोन वर्सां आसस, माझ्यासारखी चमचो धरतंस. ज्येना माका कधी बघूक नाय तेना ओतूक होयो. मगे मी मोकळी."

डायलिसिस सुरू झाल्यावर त्या ओतायच्या बंद झाल्या. हात थरथरायचे, वजनकाट्याशी बसवेना. बस्त्यावमामा सकाळी स्कूटरवरून आणून सोडायचे, त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि मी त्यांच्यासमोर ओतायचे. आता इथे एक सांगायला पाहिजे. तोपर्यंत मी कायम दुपारी काम करायचे. एकच नायट्रोजनचं सिलिंडर, एकच गरम पाण्याचा बाथ, सकाळी त्या ओतणार, जेवण झालं की मी. सकाळी मी फक्त त्यांना बाटल्या काढून द्यायला असायचे. आणि बाराला चर्चची घंटा झाली की मॅडम उठून उभ्या राहायच्या, डोळे मिटून दुपारची प्रार्थना करायच्या, आणि मी गुपचूप बाहेर पडवीत जाऊन बसायचे. आमच्याकडे असंच असतं ना, आजी देवघरात बसली की आपण तिथे पाय वाजवत फिरत नाही. मला कोणी जा म्हटलं नव्हतं आणि त्यांनी मला कधी थांब म्हटलं नाही.

तर त्या दिवशी पहिल्यांदा मी सकाळी ओतत होते. मिश्रण बाटलीत तयार, त्यात सुई सोडलेली, सुईतून नायट्रोजनचे बुडबुडे. हे का करतात, तर मिश्रणात हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो आणि तो पॉलिमर होऊ देत नाही, चांगल्या कामात खोडा घालणारा पाहुणा समजा, त्याला हाकलून मग नळीत ओतायचं. किती वेळ बुडबुडे सोडायचे ते पद्धतीत लिहिलेलं होतं. तेवढा वेळ झाला आणि नेमकी घंटा झाली. मॅडमना उठवेना, त्यांनी खुर्चीतच डोळे मिटले. मी सवयीने पडवीकडे निघाले आणि जाता जाता सिलिंडरची चावी बंद केली.

बुडबुड्यांचा आवाज थांबला तसा मॅडमनी एक डोळा उघडला.

"अगो, गॅस कित्याक बंद केलंस?"

"येळ झालो मॅडम. लिवलेलो तेवढो."

"मी खंय बंद करतंय?"

"मगे?"

"मगे काय. घंटा होता, प्रार्थना करतंय, मगे बस्त्यावाक फोन करतंय जेवणाक काय ता विचारूक, तो काय एका शब्दात सांगणा नाय, मगे येवन..."

आणि त्या थांबल्या. त्यांचे दोन्ही डोळे आता उघडे होते. मी दारात, एक पाय पडवीत. बाहेर कुणाची तरी लुना सुरू होत नव्हती, तेवढाच आवाज.

"सायली," त्या हळूच म्हणाल्या, "तू खंय असतंस तेव्हा?"

"भायर. पडवीत."

"कित्याक?"

"तुमी प्रार्थना करतास म्हणान. मध्ये कशाक येवचा."

"आणि मी तुका कधी सांगूक नाय, कारण प्रार्थना काय काम न्हय म्हणान." त्यांनी कपाळाला हात लावला. "जेझू..."

कळलं ना? कुडाळहून सिलिंडर आणायचं म्हणजे एक दिवस मोडायचा, म्हणून मॅडम इथे आल्यापासून गॅस अगदी मंद सोडायच्या. पद्धतीतला वेळ पुण्यातल्या जोराच्या गॅससाठी लिहिलेला, एवढ्या मंद गॅसला तो पुरतच नव्हता. त्यांचा पुरायचा, कारण त्यांची अख्खी प्रार्थना आणि वर मामांचा जेवणाचा सविस्तर अहवाल, एवढा सगळा वेळ बुडबुडे चालूच असायचे. आम्ही दुपारी ओतणारे, लिहिलंय तेवढं झालं की लगेच चावी बंद, कारण सिलिंडर जपायचं असं त्यांनीच बजावलेलं. आम्ही सगळे इमानदारीने चुकत होतो. मॅडमना हे असं लख्ख दिसल्यावर त्या हसायला लागल्या आणि हसता हसता खोकल्या, मी पाणी दिलं, पाणी पिऊन परत हसल्या. "इतकी वर्सां लोकांक वाटता माझ्या हातात जादू आसा. आणि जादू कोणाची, तर बस्त्यावाची. ताका सांगू नको, चढून बसतलो."

सांगितलं अर्थातच. मामा आठवडाभर बाजारात सांगत फिरत होते की आमच्या नळीचो शोध माझ्या फोनान लागलो.

मग नक्की किती वेळ लागतो ते शोधायचं होतं. मी उत्साहात म्हणाले, मॅडम, तुम्ही उद्या नेहमीसारखी प्रार्थना करा, मी घड्याळ लावते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं... "देवाकडे जाताना मी स्टॉपवॉच घेवन जावचंय नाय." बरोबरच होतं. मग आम्ही रीतसर केलं, वेळ हळूहळू वाढवत एकेक कॉलम ओतला, एकेक तपासला. कठड्यावर खडूंची आणखी एक ओळ झाली. जसजसा वेळ वाढला तसतसा दाब खाली यायला लागला, दांडा नळीला नीट धरायला लागला. सुधारलेली पद्धत मी टाइप केली आणि मला ते इतकं भारी वाटत होतं की त्या पायरीला मी 'प्रार्थनेची पायरी' असं नाव दिलं. मॅडमनी चष्मा लावून वाचलं आणि पेनाने ते शब्द खोडले. "हय देव नको. उद्या कोण मुसलमान येयत, कोण कायच न मानणारो येयत. तेंचो पण कॉलम जमाक होयो. गॅस किती आणि येळ किती, ताच लिव." मी थोडी खट्टू झाले, खरं सांगते. मला वाटलं आपल्या गोष्टीतली गंमतच काढून टाकली त्यांनी.

त्यानंतरचा पहिला कॉलम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नव्या पद्धतीने ओतलेला, तो मी ज्या दिवशी बाथमध्ये ठेवला त्या दिवशी मॅडम आल्या नव्हत्या. आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं, थकवा होता. संध्याकाळी फोनवर बोललो. "ठेवलंस?" "ठेवलंय." "बघू नको सारख्या जावन." "नाय." "बघतंस तू, माका म्हायत आसा." हे आमचं शेवटचं बोलणं. मोठं काही नाही. मी खरंच दोनदा बघून आले होते.

मातीच्या दिवशी मी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर होते. धामापूरची पोर, मला तिथलं कधी उभं राहायचं कधी बसायचं काही कळत नव्हतं, पुढच्या बाईकडे बघून करत होते. मध्येच पंखे बंद पडले. मालवणची लाईट, तिला कोणाचं काय. आणि मला दरदरून घाम फुटला, बाथचं पाणी थंड पडलं तर दांडा अर्धा घट्ट अर्धा पातळ... बस्त्यावमामा पुढच्या बाकावर, बहिणीच्या पेटीशेजारी. ते मागे वळले, डोळे लाल, आणि मला अगदी हळू विचारलं, "इन्व्हर्टर आसा मां?" मी मान हलवली. ते वळून पुढे बघायला लागले. दोघांनाही त्यानंतर जरा बरं वाटलं असावं.

तो कॉलम जमला. दोन दिवसांनी मी लॅबमध्ये गेले, नळी काढली, आतलं अल्कोहोल धुऊन काढलं, पंप सुरू केला आणि दाबाच्या आकड्याकडे बघत राहिले. तो वाढला, वाढला आणि जिथे मॅडमचा थांबायचा तिथे थांबला. मग कोळंबीचा अर्क सोडला आणि टेकड्या आल्या, उभ्या, सडसडीत. मी खोलीत एकटीच होते. फोन हातात घेतला, 'फ्लाविया मॅडम' वर बोट गेलं, मग मामांना लावला. ते म्हणाले, "जेवलंस?" मी म्हणाले, "मामा, जमलो."

इथे ही गोष्ट छान संपली असती. पण झालं असं की कॉलेजमध्ये सगळे भेटायला यायला लागले, पडदा बघायला लागले, आणि जो येईल तो म्हणायला लागला, सायली, मॅडमचा हात तुला मिळाला हो. गणिताचे सर म्हणाले, शिपाईमामा म्हणाले, माझी आई पण म्हणाली, तुझ्या हातात त्याच आसत आता. पहिल्यांदा मला छान वाटलं. दुसऱ्यांदा पण. मग खटकायला लागलं. कारण हेच तर त्यांना नको होतं. त्यांचा हात जाऊन माझा आला, म्हणजे खोलीत परत एक जादूगारीणच उरली, फक्त जरा तरुण. मला उद्या नोकरी लागली, लग्न झालं, एसटीखाली आले, तर परत खिडकीत खडूंची ओळ. आणि कोळंबीचं ते प्रोटीन, ती चाचणी, सगळं परत मालवणच्या खाडीत.

म्हणून नेहा. नेहा मिठबावची, वडिलांची होडी आहे, ह्याच वर्षी बीएस्सी झाली. मॅडम गेल्यानंतर ती आमच्याकडे आली, त्यांना तिने भिंतीवरच्या फोटोपुरतंच बघितलंय. मी तिला मॅडमबद्दल काही सांगितलं नाही, मुद्दाम, आणि तुम्ही माझ्यासारख्या बडबडीला ओळखत असाल तर हे किती कठीण गेलं ते तुम्हाला कळेल. फक्त पद्धतीचा कागद दिला, बाटल्या कुठे आहेत ते दाखवलं आणि म्हणाले, तू ओत, मी बाहेर आहे, काहीही झालं तरी मी आत येणार नाही. ती म्हणाली, "परीक्षा आसा काय?" मी म्हणाले, "हो. पण तुझी नाही."

आणि मी पडवीत जाऊन बसले. खिडकीतून अर्धं दिसत होतं, दिसायला नको होतं खरं तर. नेहा डावखुरी. मॅडम बाटली अशी हळूच गोल गोल फिरवायच्या, मी पण तशीच फिरवते. ही पोरगी लिंबू सरबत ढवळावं तशी हलवत होती. मोबाईलवर गाणी लावलेली, मोठ्याने. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. मग तिने नायट्रोजन सुरू केला, मोबाईलवर वेळ लावली आणि बाहेरच आली. मला वाटलं माझ्याशी बोलायला. पण ती माझ्याकडे न बघता सरळ फाटकाकडे गेली, कारण तिथे टोपली घेऊन एक मासेवाली चालली होती, तारकर्लीची.

"सुंगटां कशी गो मावशे?"

"घेतंस काय नुसती इचारतंस?"

"ही काय सुंगटां? ह्यांका तर मिशीच उरलेली आसा."

"मिशी नाय तर काय दाढी होयी तुका?"

एवढं भांडण, एवढं भांडण, आणि आत बाटलीत बुडबुडे आपले चाललेत. चर्चची घंटा त्या दिवशी झाली की नाही हे मला आठवतही नाही, त्या दोघींच्या आवाजात ऐकूच आली नसेल. शेवटी नेहा पिशवी घेऊन आली, मला म्हणाली, "अर्धी अर्काक, अर्धी जेवणाक," आणि तेवढ्यात मोबाईल वाजला तशी धावत आत गेली. गॅस बंद, मिश्रण नळीत, टोकं घट्ट, नळी बाथमध्ये. माझ्या तोंडात आलेली निदान दहा वाक्यं मी गिळली.

परवा तो कॉलम तपासला. नेहानेच सगळं केलं, मी मागे उभी होते. दाब वाढला, वाढला, थांबला. टेकड्या आल्या. नेहा म्हणाली, "बरो आसा मां?" मी कॉम्प्युटरवर तीन रेघा एकमेकींवर टाकल्या, मॅडमच्या शेवटच्या कॉलमची, माझ्या कॉलमची आणि नेहाच्या कॉलमची, आणि प्रिंट काढली. आमचा प्रिंटर काळाच छापतो, रंगीत शाई कधीच संपलीय, आणि घाईत मी नावं टाकायला विसरले. कागद बाहेर आला. तिन्ही रेघा एकाच वाटेने चढलेल्या, एकाच जागी उतरलेल्या, कुठे कुठे तर तीन मिळून एकच जाड रेघ दिसत होती.

नेहाने कागद खिडकीशी नेला, उजेडात धरला. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, परत कागदाकडे.

"ताई, ह्यातली मॅडमची खंयची?"

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. दोन वर्षांहून जास्त मी त्या बाईच्या टेकड्या बघत आले होते, झोपेतही ओळखल्या असत्या असं मला वाटायचं. मी नीट बघितलं. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. बोट ठेवून पहिल्या टेकडीपासून शेवटपर्यंत गेले, आणि परत आले.

"माका सांगूक येणा नाय," मी म्हणाले.

असं म्हणताना मला जो आनंद झाला, तो मॅडमना फोन करून सांगता आला असता तर त्यांनी सगळ्यात आधी हेच विचारलं असतं, खरंच ओळखता येत नाही? नीट बघितलंस? आणि मी म्हणाले असते, नीट बघितलं मॅडम. खरंच येत नाही.